दूरवरून आणलेली मत्स्यबोटुकली शेततळ्यात कशी सोडावी?

लोहारा तालुक्यात पाण्याची किंमत कोणी कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ सालचा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. आणि २०१६ साली शेजारच्या लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले, हे तर तरुणांनीही पाहिले आहे. माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे; तथापि त्यापासून दूर असलेल्या कोरडवाहू शिवारात शेततळे हाच मोठा आधार होय. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे अशा तळ्यांची संख्या वाढली. साठवलेल्या पाण्यात पिकास पाणी देण्यापूर्वी मासळीचेही एक उत्पन्न निघावे, या हेतूने अनेक शेतकरी कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली विकत आणू लागले आहेत.

या धंद्यातील पहिले नुकसान बहुधा खाद्याच्या वा रोगाच्या कारणाने होत नाही. ते बोटुकली तळ्यात सोडल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत होते व पुष्कळदा ध्यानातही येत नाही. सहा महिन्यांनी जाळे ओढल्यावर मासळी कमी निघते आणि दोष बियाण्यास किंवा नशिबास दिला जातो. म्हणून प्रवासाने थकलेल्या बोटुकलीस पुन्हा सावरावे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक चूक व तिचा धडा

प्रारंभी स्वतःचीच चूक सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात, एका वयस्कर शेतकऱ्याच्या प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यावर मी उभा होतो. बोटुकली रात्रभराच्या व अर्ध्या दिवसाच्या प्रवासानंतर दुपारी दोन वाजता पोहोचली. मोजून घ्यावी म्हणून आम्ही पिशव्या काठावरच उघडल्या. मोजणी होईपर्यंत उघड्या पिशव्या अर्धा तास उन्हात राहिल्या व मग थेट तळ्यात रिकाम्या केल्या. तापमापी बरोबर होती, पण ती गाडीतच राहिली. मासे पोहत खोल पाण्यात गेले आणि आम्ही समाधानाने परतलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्याचा निरोप आला. तळ्याच्या कडेला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. ते म्हणाले, “साहेब, पिशवीत तर सगळी जित्ती होती. मग दोन रात्रीत असं काय झालं?” त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. त्यांचे पैसे गेले होते आणि सल्ला माझा होता. पुढे अभ्यासाने जे उमगले, ते त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे देत आहे.

प्रवासात माशाला काय होते?

जाळ्यात सापडणे, गर्दी, धक्के व उष्णता यांमुळे मासा घाबरतो. त्याच्या शरीरात संप्रेरके वाढतात, साठवलेली शक्ती झपाट्याने खर्च होते आणि स्नायूंत दुग्धाम्ल साचते. बैल दिवसभर दौडवला तर तो संध्याकाळी उभा दिसतो, पण आतून खचलेला असतो. तसाच हा प्रकार होय. म्हणून सोडताना जिवंत असलेला मासा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मरू शकतो.

दुसरी गोष्ट क्षारांची. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा मीठ अधिक असते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरते व क्षार बाहेर झिरपतात. निरोगी मासा मूत्रावाटे जादा पाणी टाकून व कल्ल्यांनी क्षार शोषून तोल राखतो. घाबरलेल्या माशाचा श्वास जलद होतो, कल्ल्यांतून रक्त अधिक वाहते आणि क्षारांची गळतीही वाढते. अंगावरील बुळबुळीत थर खरचटला असेल तर ही हानी आणखी होते व रोगजंतूंस वाट मिळते.

तिसरी गोष्ट पिशवीतील पाण्याची. बंद पिशवीत मासे श्वासावाटे कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सोडतात. त्यामुळे पाण्याचा सामू उतरतो. त्याच पाण्यात माशांच्या मलोत्सर्गातून अमोनियाही साचत असतो. परंतु सामू उतरलेला असेपर्यंत त्याचा बराचसा भाग कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कर्बाम्ल वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पाणी तापलेले असेल तर विष अधिकच वाढते. आमच्या पिशव्या अर्धा तास उघड्या राहिल्या, तेव्हा नेमके हेच घडत होते.

चौथी गोष्ट प्राणवायूची. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जवळजवळ ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे पाणी तापले की माशाची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो.

बीज भरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून धरून मातीच्या हंड्यांतून दूरवर पाठवीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून केंद्रात बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला व तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. बीज मिळणे सुलभ झाले, परंतु प्रवासाचा धोका टळला नाही.

खरेदी करताना पुढील गोष्टींचा आग्रह धरावा :

१. बोटुकली पाठविण्यापूर्वी सुमारे एक दिवस उपाशी व दाटीत, वाहत्या किंवा हवा खेळत्या पाण्यात ठेवलेली असावी. पोट रिकामे असले की पिशवीतील पाणी कमी घाण होते.

२. मोजणी केंद्रावरच, पिशव्या भरण्यापूर्वी समक्ष करून घ्यावी. तळ्याच्या काठावर मोजणी करू नये.

३. पिशवीचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणी व दोन तृतीयांश भाग प्राणवायू असावा. पिशव्या दुहेरी असाव्यात.

४. संख्या तळ्याच्या मानाने ठरवावी. साधारण हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली हे प्रमाण धरल्यास ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यास, म्हणजे ९०० चौरस मीटर क्षेत्रास, ४५० ते ९०० बोटुकली पुरेशी होते. स्वस्त मिळाली म्हणून दुप्पट सोडणे हे पेरणीत दुप्पट बी टाकण्यासारखे होय.

प्रवास शक्यतो रात्री करावा. पिशव्या गोणपाटाने किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी झाकाव्यात. सावली व अंधार यांमुळे मासा शांत राहतो. वाटेत कुतूहलापोटी पिशवी उघडू नये.

तळ्यावर आल्यानंतरचा क्रम

सोडण्याची उत्तम वेळ म्हणजे सूर्योदयानंतर एक-दोन तासांनी. हिरवट पाण्याच्या तळ्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते. म्हणून अगदी पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. उलट दुपारनंतर पाणी तापते व शेवाळामुळे सामूही चढलेला असतो. हे ध्यानी घेऊन गाडी सकाळी पोहोचेल असा बेत आखावा. उशीर झालाच, तर पिशव्या न उघडता सावलीत ठेवून ऊन उतरू द्यावे. मात्र मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर वाट पाहू नये.

पुढील क्रम कटाक्षाने पाळावा :

पहिली पायरी. पिशव्या बंद ठेवूनच तळ्याच्या पाण्यावर २० ते ३० मिनिटे तरंगू द्याव्यात. ऊन असल्यास त्यांवर ओले गोणपाट टाकावे. शेवटी तापमापीने तळ्याचे पाणी मोजावे व एक पिशवी उघडून तिचेही मोजावे. फरक दोन अंशांहून अधिक असल्यास उरलेल्या पिशव्या आणखी काही वेळ बंदच तरंगू द्याव्यात.

दुसरी पायरी. तापमान जुळल्यावर एका वेळी एकच पिशवी उघडावी. तीत तांब्याभर तळ्याचे पाणी घालावे. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने असे चार-पाच वेळा करावे. पिशवी उघडल्यापासून मासे बाहेर जाईपर्यंत १० ते १५ मिनिटांहून अधिक वेळ लावू नये. पिशवी बंद असताना धीर धरावा, उघडल्यावर मात्र रेंगाळू नये, हे सूत्र होय.

तिसरी पायरी. पिशवी पाण्यात आडवी धरून तोंड खाली करावे व मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. उंचावरून ओतू नयेत, हाताने ढकलू नयेत. तंदुरुस्त बोटुकली पाण्याच्या विरुद्ध दिशेने पोहते व खाली जाते. जी एका अंगावर कलते तिची नोंद घ्यावी.

मिठाच्या पाण्यासंबंधी वारंवार विचारणा होते. बोटुकली खरचटलेली दिसल्यास १० लिटर तळ्याच्या पाण्यात ५० ग्रॅम खडेमीठ विरघळवून त्यात ५ ते १० मिनिटे ठेवावी. मिठामुळे क्षारांची गळती कमी होते व बाहेरील काही परजीवीही गळून पडतात. मासे कलू लागल्यास तत्काळ काढावेत. बोटुकली धडधाकट असेल तर या उपचाराची जरुरी नाही. विनाकारण हाताळणी हाच तिला नवा त्रास होतो.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. थकलेला मासा खात नाही आणि न खाल्लेली पेंड कुजून पाणी बिघडवते. दुसऱ्या दिवसापासून भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून थोडेथोडे द्यावे. मासे खाऊ लागल्याची खात्री झाल्यावर वाढवावे. पहिले दोन आठवडे जाळे ओढू नये, तळ्यात उतरू नये, जनावरे धुऊ नयेत. आपल्या काळ्या जमिनीच्या भागातील पाणी बहुधा अल्कधर्मी असते. म्हणून सामू मोजल्यावाचून चुना टाकू नये.

हापा चाचणी

आपले किती मासे जगले, हे कळण्याचा सोपा उपाय आहे. मच्छरदाणीच्या कापडाचा, वर उघडा असा चौकोनी पिंजरा शिवून चार बांबूंना बांधावा व तळ्यात उभा करावा. यास हापा म्हणतात. निरनिराळ्या पिशव्यांतील मिळून ५० बोटुकली त्यात ठेवावी व ४८ तासांनी मोजावी. त्यांतील जितकी दगावली, साधारण त्याच प्रमाणात तळ्यातही दगावली असे समजावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही नोंद वहीत ठेवल्यास नुकसानीचा दोष बियाण्याचा, प्रवासाचा की सोडण्याच्या रीतीचा, हे पुढच्या वर्षी ठरविता येते.

समुद्रातील माशाचे उदाहरण

शहरांत काही लोक काचेच्या टाकीत समुद्रातील रंगीत मासे पाळतात. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले व समुद्रातील मासे पाहण्याची सोय सामान्य माणसास झाली. अशा माशाची अडचण आपल्या बोटुकलीच्या नेमकी उलट असते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात आणि माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते व ते भरून काढण्यास तो समुद्राचे पाणी पितो. प्रवासाने खचलेला समुद्री मासा पाण्यातच जणू तहानेने सुकतो. म्हणून जाणकार पाळणारे टाकीच्या क्षारतेचे मोजमाप करतात, पहिल्या दिवशी दिवा मालवतात, लपावयास दगडाचा आडोसा देतात व नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. पाणी खारे असो वा गोडे, तापमानाची जुळणी, अंधार, शांतता व उपवास हेच थकल्या माशाचे पहिले औषध होय.

समारोप

पुढच्या वर्षी त्याच शेतकऱ्याच्या बांधावर मी सकाळी आठ वाजता पोहोचलो. तापमापी खिशात होती. मोजणी केंद्रावरच झाली होती. पिशव्या तरंगत असता काका बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटची पिशवी मोकळी झाल्यावर त्यांनी स्वतः हापा बांधला आणि म्हणाले, “आता परवा या, दोघं मिळून मोजू.” तिसऱ्या दिवशी ५० पैकी ४८ बोटुकली हाप्यात फिरत होती.

या कामास खर्च जवळजवळ नाही. एक तापमापी, थोडे मच्छरदाणीचे कापड व अर्ध्या तासाचा धीर एवढेच पुरे. पाणी आपण थेंबाथेंबाने साठवतो. त्या पाण्यात सोडलेला जीवही तितक्याच जपणुकीने सोडावा. कार्यकर्त्यांनी पिशव्या पोहोचविण्याची वेळ आधी कळवून स्वतः तळ्यावर हजर राहावे आणि पहिली पिशवी शेतकऱ्याच्या हातून सोडवून घ्यावी. एकदा हात बसला की शेजाऱ्यास तो शेतकरीच शिकवील.