एम.आर.आय. : कधीही न निजणारे चुंबक

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु वसतिगृहातील अनेक मुले-मुली आज परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय म्हणून रुग्णालयांत सेवा करीत आहेत, आणि आप्तांची ट्रॉली ढकलत पालकांनाही तेथे जावेच लागते. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही समजावून घेतला.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबतचा एक तरुण नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एम.आर.आय.च्या खोलीत गेला. यंत्र बंद असल्याचे सांगितले गेले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचले. त्यात त्याचा मृत्यू झाला.

'बंद' हा शब्दच येथे फसवा आहे. या चुंबकाची वेटोळी अतिवाहक तारेची असून द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडालेली असतात. त्या तारेला विरोध नसतो. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. वीज गेली, पडदा काळा झाला, आवाज थांबला, तरी चुंबक जागेच! (भारनियमन सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला हे पटणे जरा कठीणच.)

त्याचे बळ किती? मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याऐवजी अलिबागला वेधशाळा उभारली गेली. इतके ते क्षेत्र क्षीण. नेहमीचे १.५ टेस्लाचे यंत्र त्याच्या तीस हजार पटींहूनही प्रबळ असते.

आता चित्र कसे उमटते ते पाहू. शरीरातील पाणी व चरबी यांत हायड्रोजन असतो. त्याचा प्रत्येक अणुगर्भ म्हणजे इवलेसे चुंबक. यंत्रात काही क्षेत्राच्या दिशेने वळतात, काही उलट. दहा लाखांमागे जेमतेम पाचांचे आधिक्य उरते, आणि सारे चित्र त्या पाचांवर! हे अणुगर्भ भोवऱ्यासारखे डुलतात, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. त्याच कंप्रतेची रेडिओलहर सोडली की ते कलतात. लहर थांबताच पूर्वस्थितीला येताना क्षीण संकेत देतात. चरबी लवकर सावरते, पाणी सावकाश. म्हणून एका प्रकारच्या चित्रात चरबी उजळ दिसते, दुसऱ्यात पाणी. सूज शोधण्यास हे दुसरे उपयोगी.

संकेत कोठून आला हे कळावे म्हणून जागोजागी क्षेत्र किंचित कमी-अधिक करतात. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. २००३ चे नोबेल त्यांना व पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळाले. खोलीतील ठोक्यांचा आवाजही त्या बदलांचाच. क्ष-किरण येथे नसतात.

दाराशी उभ्या असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी सिलिंडर, कात्री, चाकांची खुर्ची तर अडवावीच. पेसमेकर, मेंदूतील जुनी क्लिप यांचीही चौकशी करावी. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे मुद्दाम विचारावे; तो आपणहून सांगत नाही.