पडी, तोळा, टीएमसी आणि मोल

प्रश्न : आमचं घर तिरुवैयारुचं. पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहोत, घरात मराठी आणि दारात तमिळ. माझी नात यंदा अकरावीला विज्ञान शाखेत गेली. रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात मिलिलिटरचे लिटर करा, ग्रॅमचे मोल करा, अशी गणितं आहेत आणि ती तिथेच अडली आहे. ‘कधी गुणायचं आणि कधी भागायचं?’ एवढाच तिचा प्रश्न. मी तिला म्हटलं, माझी आजी भात पडी-मरक्कालाने मोजायची, सोनं कधी तोळ्यात तर कधी सवरनात सांगायची, तिचं कधी अडलं नाही. पण नातीचं समाधान होईल असं उत्तर मला देता आलं नाही. माझाही एक प्रश्न त्याला जोडतो. कावेरीचं पाणी पेपरात टीएमसीत का मोजतात? आणि एका टीएमसीत नातीच्या भाषेत किती मोल पाणी असतं?
– एक वाचक, तिरुवैयारु

उत्तर : पाच नद्यांच्या गावाहून पाण्याच्या मापाचा प्रश्न आला, याचा मला फार आनंद झाला. तुमच्या नातीचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघणार आहे.

कधी गुणायचं आणि कधी भागायचं हे पाठ करायची गरजच नाही. ते एकक स्वतः सांगतं. अट एकच, आकड्याचं एकक वाटेत कुठेही गाळायचं नाही. बहुतेक मुलं पहिल्या ओळीत ‘५ तोळे’ लिहितात, दुसऱ्या ओळीत नुसते ‘५’ लिहितात आणि शेवटच्या ओळीत आठवेल ते एकक चिकटवतात. घोटाळा मधल्या ओळींत होतो.

तुमच्या आजीचंच सोनं घेऊ. समजा पाच तोळ्यांचा हार आहे आणि तंजावरच्या पेढीवर त्याचे किती सवरन होतात ते सांगायचं आहे. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक सवरन म्हणजे ८ ग्रॅम. नातीला वहीत असं लिहायला सांगा :

५ तोळे × (११.६६ ग्रॅम ÷ १ तोळा) × (१ सवरन ÷ ८ ग्रॅम)

कंसातली प्रत्येक जोडी म्हणजे वेगळ्या कपड्यातला ‘एक’ आहे. ११.६६ ग्रॅम आणि १ तोळा ही एकाच वजनाची दोन नावं, म्हणून त्यांचा भागाकार एक. एकाने गुणलं तर हाराचं वजन बदलत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं. आता वरचा तोळा खालच्या तोळ्याशी कटतो, वरचा ग्रॅम खालच्या ग्रॅमशी कटतो आणि उरतो सवरन. उत्तर ७.२९ सवरन. नातीने चुकून पहिली जोडी उलटी लिहिली, तर वर दोन तोळे जमतील आणि खाली ग्रॅम उरेल. ‘तोळा-वर्ग भागिले ग्रॅम’ असं सोनं कुठल्याच सराफाकडे मिळत नाही. चूक कुठे झाली हे शिक्षकांनी सांगण्याआधी वहीच सांगते. रसायनशास्त्रात पुढे कितीही मोठं गणित आलं, तरी रीत हीच राहते.

पण आजचा सराफ तोळा म्हणताना बहुधा १० ग्रॅम धरतो. त्या हिशोबाने हाच हार ५० ग्रॅमचा, म्हणजे सव्वासहा सवरनांचा. एका सवरनाहून जास्त फरक, आणि तोही एकाच शब्दामुळे. जुना तोळा ९६ गुंजांचा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा होता. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत ही मापं बाजारातून गेली, शब्द मात्र घराघरांत राहिले. म्हणून रूपांतराआधीचा पहिला प्रश्न ‘कोणता तोळा?’ हा असला पाहिजे.

हा प्रश्न तुमच्या प्रदेशात हजार वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर दगडावर कोरलेलं आहे. तिरुवैयारुपासून काही मैलांवरच्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. मराठी माणूस तिथे गेला की तो बघतोच. पण त्याच मंदिरावर राजराज चोळाच्या काळचे, म्हणजे १०१०च्या आसपासचे, तमिळ लेख आहेत, आणि त्यांतली काटेकोर वृत्ती बघून मी थक्क होतो. देवाला दिलेलं सोनं किती, हे सांगताना ते ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाच्या दगडाने तोललं, असं लिहिलं आहे. रत्नांच्या दागिन्यांसाठी दुसरा दगड, त्याचं नाव ‘दक्षिणमेरुविटंकन’. आणि धान्य मोजलं ते ‘आडवल्लान’ नावाच्या मरक्कालाने, जे एका ‘राजकेसरी’ मापाबरोबर आहे. ही शेवटची नोंद म्हणजे रूपांतराचा गुणकच! आकडा, एकक, आणि ते एकक दुसऱ्या कशाबरोबर आहे हे तिन्ही तिथे दगडावर आहे. आडवल्लान हे नटराजाचं नाव. देवाच्याच नावाने माप पक्कं केलं.

तुमच्या आजीच्या पडीची वंशावळ त्या काळाशी जुळते. जुन्या तमिळ कोष्टकात दोन आळाक्कूंचा एक उळक्कू, दोन उळक्कूंचा एक उरी, दोन उरींची एक नाळी. नाळीलाच पुढे पडी म्हणू लागले. आठ नाळींचं एक मरक्काल, बारा मरक्कालांचा एक कलम. आता आपल्याकडचं कोष्टक आठवा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दुपटीदुपटीने चढणारी तीच शिडी. उरी आणि मापटं दोन्ही अर्धी, उळक्कू आणि चिपटं दोन्ही पाव. पडी आणि शेर यांचा आकार मात्र एक नव्हे. इतकंच काय, एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेल याचीही खात्री नव्हती.

आणि इथेच रसायनशास्त्राची खरी मेख आहे. पडी आणि पायली ही जागेची मापं आहेत, वजनाची नाहीत. तीच पडी भाताने भरा, तांदळाने भरा, कोंड्याने भरा. तराजूवर तीन वेगळी वजनं येतील. तुमच्या आजीला हे हाताने माहीत होतं. नातीने ते सूत्रात शिकायचं, त्याचं नाव घनता. लिटरचे मिलिलिटर करताना पदार्थ कोणता हे विचारावं लागत नाही. लिटरचे ग्रॅम करताना विचारावंच लागतं, कारण आकारमानातून वस्तुमानात जायचा पूल त्या पदार्थाच्या घनतेचाच असतो. स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी नातीला उलटून बघायला सांगा. एका लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम छापलेलं असतं. म्हणजे घनता दर मिलिलिटरला ०.९१ ग्रॅम. गुणक बाजारातून घरात येऊन पडला आहे आणि आपण तो कचऱ्यात टाकतो.

हा पूल चुकीचा बांधला तर काय होतं, याचं उदाहरण सांगायलाच हवं. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोईंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा पौंडाकडून किलोग्रॅमकडे वळत होता आणि हे विमान किलोग्रॅमचं होतं. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवं होतं. टाक्यांत आधीचं ७,६८२ लिटर होतं. त्याचे किलोग्रॅम करायला कागदावरचा १.७७ हा आकडा वापरला गेला. पण १.७७ हे एका लिटर इंधनाचं पौंडातलं वजन! किलोग्रॅममध्ये ते ०.८० इतकंच भरतं. हिशोबात टाकीत १३,५९७ किलोग्रॅम इंधन निघालं. प्रत्यक्षात ते सहा हजार दोनशेच्याही आत होतं. उरलेलं इंधन भरतानाही तोच गुणक वापरला, म्हणून विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं आणि आकाशात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगवत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही, हे त्यांच्या हातांचं कसब. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता. १.७७च्या पुढे ‘पौंड दर लिटर’ एवढे तीन शब्द लिहिले असते आणि कुणीतरी ते वाचले असते, तर पौंड कटत नाहीत हे जमिनीवरच दिसलं असतं. म्हणूनच मी एककं लिहिण्याचा एवढा आग्रह धरतो.

आता कावेरी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत शंभर कोटी घनफूट. कावेरीच्या पाणीवाटपाचे १८९२ आणि १९२४चे करार, १९३४ साली पुरं झालेलं मेट्टूर धरण, हा सगळा कारभार फुटांत मोजणाऱ्या इंजिनियरांचा. पुढे तराजू बदलले, पण धरणांच्या वह्या बदलल्या नाहीत. कर्नाटकाने तमिळनाडूसाठी दर वर्षी किती पाणी सोडायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवलं, तेही १७७.२५ टीएमसी असंच. मेट्टूरची क्षमता ९३.४७ टीएमसी, आपल्या कोयनेची १०५.२५. एकाच एककात असल्याने कोयना थोडी मोठी हे झटकन कळतं, एवढी त्या जुन्या मापाची सोय आहे खरी.

एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. घनफुटासाठी हा गुणक तीनदा लावायचा, लांबी, रुंदी आणि उंची. इथे मुलं हमखास एकदाच लावतात. ३०.४८ तीन वेळा गुणला की २८,३१७ घन सेंटिमीटर, म्हणजे २८.३ लिटर. शंभर कोटींनी गुणलं की एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. लिटरपासून पुढे नातीच्या मुलखात शिरतो. पाण्याच्या एका लिटरचे १,००० ग्रॅम धरू. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम :

१ लिटर × (१,००० ग्रॅम ÷ १ लिटर) × (१ मोल ÷ १८ ग्रॅम) = ५५.६ मोल

म्हणून एका टीएमसीत सुमारे १,५७,००० कोटी मोल पाणी. याहून जास्त आकडे लिहिण्याचा मोह टाळावा. ३० अंशांच्या पाण्याचं एक लिटर ९९६ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि कावेरीत गाळही असतो, त्यामुळे तिसऱ्या आकड्यापुढे लिहिलेलं खरं नसेल.

मोल या शब्दाला मुलं घाबरतात, पण तो डझनासारखाच मोजणीचा शब्द आहे. डझनात १२, मोलात ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात. २० मे २०१९पासून हा आकडा जगभर व्याख्येनेच पक्का केला आहे. रेणू मोजता येत नाहीत, तोलता येतात. म्हणून वजनातून मोजणीत यायला मोल लागतो. संध्येच्या पळीत ५ मिलिलिटर पाणी मावतं असं धरा. ते झालं ०.२८ मोल, आणि त्यातले रेणू सुमारे १.६७ गुणिले १०चा २३वा घात. तशा साडेतीन पळ्यांत जवळजवळ एक मोल पाणी मावतं. नातीने हे एकदा पळीने पाणी घेऊन करून बघावं. मोल हातावर आला की पुस्तकातला मोल परका वाटणार नाही.

एक अपवाद तेवढा तिला सांगून ठेवा. सेल्सियसचे केल्विन गुणाकाराने होत नाहीत, कारण त्या दोन मोजपट्ट्यांचं शून्य वेगवेगळ्या जागी आहे. तिथे २७३.१५ मिळवायचे.

शेवटी तिच्यासाठी एक गणित, तुमच्याच नदीचं. पेपरात टीएमसीबरोबर क्युसेक हा शब्दही येतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. मेट्टूरमधून दिवसभर ९,००० क्युसेक पाणी सोडलं, तर एका दिवसात किती टीएमसी खाली आलं? सेकंद, मिनिट, तास आणि दिवस प्रत्येक ओळीत लिहून एकेक कट करायला सांगा. उत्तर ०.७८ टीएमसी यायला हवं. आलं, तर मला नक्की कळवा.