गॅरेजचा धाक

पालकहो, अजस्र यंत्रं आणि गाड्या कशा बनतात हे दाखवणारे माहितीपट लागले की तुमच्याही घरातलं मूल टीव्हीसमोरून हलत नसेल. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "असू दे, कार्टूनपेक्षा बरं." आणि मामा नाहीतर आजोबा कौतुकानं म्हणतात, "इंजिनिअर होणार हा!" (मुलगी बघत असली तर हे वाक्य उशिरा येतं, किंवा येतच नाही.) कौतुकात वाईट काही नाही. पण ते मूल पडद्यावर नेमकं काय बघतंय, हे बघायचं मात्र राहून जातं.

एक भाग त्याच्या शेजारी बसून बघा. 'हाऊ इट्स मेड' ही कॅनडात तयार झालेली मालिका २००१ साली सुरू झाली. तिच्यात बराच वेळ दिसतात ते नुसते हात. रिव्हेट ठोकणारे, रबरी कड दाबून बसवणारे, तयार भागावरून अंगठा फिरवून खरखर तपासणारे. चेहरे अधूनमधून, नावं जवळजवळ नाहीतच. 'मेगाफॅक्टरीज'सारख्या मालिकांत संगीताचा धडाका असतो, "आता वेळ फार थोडा उरलाय" अशी उगाच घातलेली धास्ती असते आणि मधूनमधून अधिकारी बोलतात. तो अधिकारी बोलायला लागला की मूल पाणी प्यायला उठतं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की धावत परत येतं.

त्याच घरात रात्री गणिताची वही निघते आणि आपण म्हणतो, "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने आवळत बसशील." दुपारी ज्या हातांकडे आपण मुलाबरोबर टक लावून बघत होतो, रात्री त्याच हातांचा धाक. मुलाला ही गफलत कळते. ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

यावर एक खरी गोष्ट त्याला सांगता येईल. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाचे भाग वेगवेगळ्या देशांत बनायचे आणि जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला व्हायची. पंख वेल्समधून यायचे, धडाचे मोठे भाग जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून. हे अवाढव्य तुकडे रात्रीच्या वेळी लहान लहान गावांतून, घरांच्या भिंतींना जेमतेम चुकवत नेले जात. माहितीपटवाल्यांना हा प्रसंग फार आवडतो आणि तो आहेच तसा. पण मला त्याहून मोठी वाटते ती तारांची गोष्ट. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा. हॅम्बुर्गचे लोक आराखड्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, तुलूझचे नवी. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि तारांचे जुडगे प्रत्यक्ष विमानात बसवायला घेतले तेव्हा आखूड पडले. २००६ साली हे प्रकरण इतकं चिघळलं की कंपनीच्या वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं. निस्तरलं कुणी? हॅम्बुर्गहून शेकडो कामगार तुलूझला गेले, विमानांच्या पोटात शिरले आणि हातांनी तारा ओढत, जोडत राहिले. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरानं. संगणकावर झालेला घोळ वायरमननी सोडवला, हे मुलाला जरूर कळू द्या.

दुसरी गोष्ट मानाची. जर्मनीतल्या आफाल्टरबाख गावात मर्सिडीज-एएमजीची कितीतरी इंजिनं एकेकटा कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवतो आणि वर स्वतःच्या सहीची पट्टी लावतो. असा कारागीर तयार व्हायला तिकडे तीन-साडेतीन वर्षं उमेदवारी करावी लागते, काही दिवस कारखान्यात, काही दिवस शाळेत. आपल्याकडे आयटीआयचा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. आपल्या किती घरांत दहावीनंतर हा शब्द पर्याय म्हणून उच्चारला जातो? बहुतेक वेळा मार्क कमी पडल्यावरच निघतो, तोही आवाज खाली आणून.

तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीला, गोकुळ शिरगावला वाहनांच्या इंजिनांचे भाग ओतणाऱ्या फाउंड्री आहेत. भट्टीसमोर आख्खी पाळी उभं राहणं म्हणजे काय, ते पार्श्वसंगीतातून कळत नाही. प्रेसवर काम करणाऱ्यांची बोटं जातात, कंत्राटी कामगार वर्षानुवर्षं कंत्राटीच राहतो, आणि पगार विचारला तर माणूस विषय बदलतो. माहितीपट यातलं काही दाखवत नाही. कारखान्याच्या परवानगीनं आत गेलेला कॅमेरा ते दाखवणारही नाही. तुम्ही मुलाला हे सांगा. मात्र राग पगारावर आणि असुरक्षित यंत्रावर निघू द्या. पाना धरणाऱ्या माणसावर तो निघाला की मूल काय ते समजून जातं आणि हळूहळू आपल्याही हातांना कमी लेखायला लागतं.

बघताना एखादा प्रश्न टाकून बघा. हा बोल्ट किती आवळायचा, हे त्या कामगाराला कसं कळतं? टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. ठरवून दिलेल्या जोरापर्यंत आवळलं की तो 'टक्' करतो आणि हात थांबतो. कमी आवळला तर बोल्ट सुटेल, जास्त आवळला तर ताणून तुटेल. हाताचा जोर आणि पान्याची लांबी, विज्ञानाच्या वहीतलं बल आणि अंतर ते हेच. तेवढ्यावर थांबा, लगेच शिकवणी सुरू करू नका.

पुढच्या वेळी दुचाकी सर्व्हिसिंगला न्याल तेव्हा मुलाला सोबत न्या. मेकॅनिक वयानं लहान असला तरी त्याला अरे-तुरे करू नका, शेजारी दोन कान उभे असतात. सकाळच्या गर्दीत नको, दुपारी उसंत असते. मुलाला स्वतः विचारू द्या. चेन कशी ताणतात, प्लग काढून का बघतात, काहीही. मेकॅनिक बहुधा हौसेनं दाखवील. नाही दाखवलं तर कामात असेल. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला जालच, तेव्हा विचारता येईल.