कोलेस्टेरॉलची गोळी आणि मांड्यांचे दुखणे

भडगाव, कजगाव, कोळगाव आणि गिरणाकाठच्या इतर गावांतील वाचकांकडून एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार येतो, तो असा की कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना पाय ओढावे लागतात. तेव्हा ही गोळी बंद करावी काय, आणि केली तर तिच्याऐवजी काय घ्यावे? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारला जाण्यापूर्वीच पुष्कळांनी गोळी परस्पर सोडलेली असते, आणि सोडणाऱ्यांत ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे अशी माणसेही असतात, ही गोष्ट मला फार चिंतेची वाटते. रुग्णाच्या तक्रारीला खोटे म्हणू नये, आणि चौकशीवाचून गोळीलाही दोषी ठरवू नये, अशी माझी भूमिका आहे. कारण रीतसर चौकशी केली म्हणजे बहुतेक प्रत्येक रुग्णासाठी त्याला सोसेल अशी काही ना काही तजवीज निघतेच.

ज्या औषधांविषयी हे चालले आहे त्यांचा वर्ग स्टॅटिन या नावाने ओळखला जातो, आणि आपल्याकडे त्यांतील अटोर्वास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन ही दोन विशेष प्रचारात आहेत. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ साली एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले, आणि १९८७ साली लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा अन्नातून न येता यकृतातच तयार होतो. ते तयार करणाऱ्या साखळीतील एक एन्झाइम ही गोळी रोखून धरते, यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते, आणि ती भागवण्यासाठी ते रक्तातील एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत साठणारे कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील पाहणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी ज्यांना स्टॅटिन दिले त्यांच्यातील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, तेव्हापासून या औषधाच्या उपयुक्ततेबद्दल वैद्यकात मूलभूत वाद उरलेला नाही.

तथापि उपयुक्तता सर्वांना सारखी नसते. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या धमनीत स्टेंट बसवलेला आहे, ज्याला पक्षाघात झालेला आहे किंवा बरीच वर्षे मधुमेह आहे, त्याचा प्रश्न वेगळा. आणि ज्याला यांपैकी काहीही नसून तपासणीच्या कागदावर केवळ एक आकडा लाल शाईत उमटलेला आहे, त्याचा प्रश्न वेगळा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसामान्य माणसाचे एलडीएल १०० च्या खाली, अधिक धोक्याच्या माणसाचे ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेलेल्यासारख्या अतिधोक्याच्या माणसाचे ५५ च्या खाली असावे. म्हणजे ९० हा एकच आकडा एकाला निश्चिंत करणारा आणि त्याच्या शेजाऱ्याला उपचार वाढवण्याची सूचना देणारा ठरू शकतो. ज्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता तिच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, एलडीएल वाढलेले लोक सुमारे १२ टक्के होते, पण उपकारक समजले जाणारे एचडीएल कमी असलेले ७२ टक्के आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळजवळ ३० टक्के होते; सबब आपल्याकडे नुसता एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून भय बाळगणे किंवा निर्धास्त राहणे, दोन्ही चुकीचे आहे.

आता मूळ तक्रारीकडे वळतो. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २०२२ साली सव्वा लाखाच्या आसपास रुग्णांच्या माहितीचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा असे दिसले की पहिल्या वर्षी गोळी घेणाऱ्यांनी केलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी साधारण पंधरांतील एकीलाच खरोखर औषध कारण होते, आणि पहिल्या वर्षानंतर औषध घेणारे व न घेणारे यांच्या तक्रारींत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. याहूनही उद्बोधक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. गोळी सोसत नाही म्हणून ती सोडलेल्या ६० रुग्णांना एका वर्षात काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली, आणि रोजच्या त्रासाची नोंद ठेवण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याचा सुमारे ९० टक्के भाग निर्गुण गोळीच्या महिन्यांतही झालेला होता. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याच नोंदी डोळ्यांसमोर आल्यावर त्या रुग्णांपैकी निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. ही माणसे ढोंग करीत होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांचे दुखणे खरेच होते, फक्त ते औषधातील रसायनातून न येता अपाय होणार या धास्तीतून येत होते, आणि धास्तीने दुखणारा पायही दुखतोच.

आपल्या भागात या चौकशीत आणखी एक अडचण आहे, जिचा विचार परदेशी ग्रंथांत सापडत नाही. इथे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, दिवसभर वाकून काम चालते; केळीच्या बागेत घड डोक्याखांद्यावरून वाहून न्यावे लागतात; लिंबाच्या बागेला रात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी द्यावे लागते. अशा शरीराला दुखणे नवे नसते. म्हणून मी विचारतो तो तपशील असा: दुखणे गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत आले काय? ते दोन्ही बाजूंना सारखे, आणि मांड्या, नितंब, खांदे, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत आहे काय? या प्रश्नांना होकार मिळाला तर औषधावर संशय घेण्यास जागा आहे. उलट एकच गुडघा, एकच टाच किंवा कमरेतून एका पायात उतरणारी कळ यांचा दोष गोळीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. थायरॉइडचा स्राव कमी असेल किंवा ड जीवनसत्त्वाची उणीव असेल तर स्नायू आधीच दुबळे असतात आणि अशा माणसाला स्टॅटिन अधिक जाचते. तेव्हा या दोन्ही गोष्टी, आणि स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके ही रक्ततपासणी, प्रथम करून घ्यावी. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने दोन ते चार आठवडे गोळी थांबवून पाहावी, आणि दुखणे गेल्यास पुन्हा सुरू करून ते परत येते काय हे पाहावे. ही परीक्षा ऐन वेचणीत करू नये, कारण कामाचा भार बदलला की दुखणेही बदलते आणि मग निवाडा करता येत नाही.

स्नायू वेगाने वितळून मूत्रपिंडांवर आघात होण्याचा भयंकर प्रकार फार विरळा आहे, परंतु तो ओळखता आलाच पाहिजे. सेरिव्हास्टॅटिन हे या वर्गातील एक औषध याच कारणाने २००१ साली जगभरातून मागे घेण्यात आले, आणि त्यात जेम्फायब्रोझिल या ट्रायग्लिसराइडच्या औषधाबरोबर ते घेणाऱ्यांना विशेष अपाय झाला होता. छातीच्या किंवा सर्दीच्या विकारात दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन, गजकर्णावर हल्ली सर्रास मिळणारे इट्राकोनॅझॉल, ही अटोर्वास्टॅटिनची रक्तातील पातळी वाढवतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलात तर आपण कोलेस्टेरॉलची गोळी घेतो हे आवर्जून सांगावे. उठता-बसता न येण्याइतका अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी ही दोन लक्षणे दिसताच गोळी त्या क्षणी थांबवून रुग्णालय गाठावे; वैशाखात, अंगातले पाणी आटलेले असताना उन्हात कष्ट करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे एक इशारा मी शक्य तितक्या कळकळीने देतो. आपल्या देशात अटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन पुष्कळदा एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिनबरोबर, आणि कित्येकदा क्लोपिडोग्रेलबरोबरही, मिळते, आणि घरोघरी तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. पाय दुखतात म्हणून स्टेंट बसवलेल्या माणसाने ती कॅप्सूल सोडली की कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर रक्ताची गुठळी रोखणारे औषधही बंद होते, आणि स्टेंट अकस्मात बुजून प्राण जाऊ शकतो. अशा रुग्णाने स्टॅटिन थांबवायचे असेल तरी गुठळी रोखणारी औषधे वेगळी लिहून घेऊन ती एक दिवसही न चुकवता चालू ठेवली पाहिजेत.

इतर अपायांविषयी थोडक्यात सांगतो. मधुमेहाची शक्यता स्टॅटिनने किंचित वाढते हे सत्य आहे. २५५ लोकांनी चार वर्षे औषध घेतले तर त्यांत मधुमेहाचा एक रुग्ण अधिक निघतो, असा २०१० सालचा हिशेब आहे, आणि तोही बहुधा आधीच उंबरठ्यावर असलेल्यांत. तेवढ्याच मुदतीत टळणारे हृदयविकाराचे प्रसंग त्याहून अधिक असतात. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते; प्रारंभी एक तपासणी पुरेशी असते, पुढे कावीळ किंवा अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे दिसल्यास पुन्हा करावी. ज्या स्त्रीला दिवस गेले आहेत किंवा जी त्या विचारात आहे, तिने मात्र स्टॅटिनविषयी डॉक्टरांना लगेच विचारावे. या काळात ते सहसा थांबवले जाते.

चौकशीअंती गोळीच दोषी ठरली, तरीही मार्ग खुंटत नाही. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल आणखी केवळ सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. याचाच उलटा अर्थ असा की मात्रा निम्मी केली तरी लाभाचा मोठा भाग शाबूत राहतो. रोसुव्हास्टॅटिन आपल्या आशियाई शरीरात अधिक साठते, म्हणून ५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेनेही बरेच काम होते, आणि काहींना ते दिवसाआड घेतले तर सोसते. कमी मात्रेला एझेटिमाइबची जोड दिली की आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखले जाऊन सुमारे एक पंचमांश घट आणखी मिळते. स्टॅटिन मुळीच न सोसणाऱ्यांसाठी बेम्पेडोइक आम्ल आले आहे. ते यकृतातच कार्यान्वित होत असल्याने स्नायूंना सहसा त्रास देत नाही, आणि २०२३ साली जवळजवळ १४,००० अशा रुग्णांत त्याने हृदयविकाराचे मोठे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी केले, मात्र युरिक आम्ल वाढणारांना व पित्ताशयात खडे असणारांना जपावे लागते. दर पंधरवड्याला किंवा सहा महिन्यांनी टोचायची इंजेक्शनेही आहेत. ती एलडीएल निम्म्यावर आणतात, पण त्यांचा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असल्याने ती निवडक रुग्णांसाठीच राखावी लागतात. साध्या गोळ्या मात्र जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात.

गुग्गुळ, लसूण, दालचिनी यांबद्दल विचारणारांचा आदर राखून मला स्पष्ट लिहिले पाहिजे. गुग्गुळाचा अर्क १९८० च्या दशकात लखनौच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या परिश्रमातून बाजारात आला, आणि आपल्याकडील प्रारंभीचे प्रयोग आशादायक होते. पण २००३ साली अमेरिकेत काटेकोर तुलना झाली तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठला. २०२२ साली रोसुव्हास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमशी लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल आदींची चार आठवडे तुलना झाली. गोळीने एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरवले, बाकीच्यांपैकी एकानेही निर्गुण गोळीहून अधिक काही साधले नाही. लाल बुरशीच्या तांदळाच्या ज्या कुप्या नैसर्गिक म्हणून विकल्या जातात, त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे त्याच औषधाची, परंतु अनिश्चित मात्रा.

आहाराने एलडीएल उतरते, आणि खानदेशच्या आहारात त्याची सामग्री भरपूर आहे. दररोज वाटीभर, सुमारे १३० ग्रॅम, शिजवलेले कडधान्य खाल्ल्याने एलडीएल पाचेक टक्क्यांनी कमी होते, आणि कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर अख्खा उडीद दळलेला असतोच. इसबगोल रोज दहा ग्रॅमपर्यंत, भरपूर पाण्यात आणि इतर औषधांपासून दोन तासांच्या अंतराने घेतल्यास पाच ते दहा टक्क्यांची घट होते. आपले भरीत उत्तम अन्न आहे. फक्त हिवाळ्यात शेतात त्याच्या मेजवान्या होतात तेव्हा वर सोडलेल्या तेलाचा थर आणि सोबतच्या तळलेल्या पुऱ्या यांना आवर घालावा, आणि रोजच्या शेवभाजीला आठवड्यातून एखादाच दिवस नेमून द्यावा. दालबट्टीवर ओतले जाणारे तूप थोडे केले तर फायदा होतो, पण तुपाऐवजी वनस्पती तूप वापरू नये. त्यातील अपायकारक ट्रान्स मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, तरी एकच तेल दिवसभर तापवून तळलेल्या पदार्थांत तो मेद पुन्हा वाढतो. तंबाखू व बिडी सोडण्याने मिळणारा लाभ तर कोणत्याही गोळीच्या जोडीला उभा राहील असा आहे.

ज्याला झटका किंवा मधुमेह यांपैकी काही नाही, उच्च रक्तदाब नाही, घराण्यात अकाली हृदयविकार नाही आणि ज्याचे एलडीएल थोडेसेच वाढलेले आहे, त्याने डॉक्टरांशी मसलत करून प्रथम तीन महिने आहार आणि रोज अर्धा तास चालणे यांची कसोटी घ्यावी, आणि मग रक्त पुन्हा तपासावे. कोलेस्टेरॉलच्या या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती आता नाही, ट्रायग्लिसराइड फार वाढलेले निघाले तरच उपाशीपोटी तपासणी करावी लागते. ज्याला झटका येऊन गेलेला आहे त्याला या तीन महिन्यांची सवलत देता येत नाही. त्याने आहार आजपासून बदलावा आणि गोळीही आजपासूनच घ्यावी, आणि दोन्हींच्या परिणामाची तपासणी सहा ते बारा आठवड्यांत करून घ्यावी. तपासणीचा कागद घेऊन याल तेव्हा घरात असतील तेवढ्या सगळ्या औषधांच्या पाकिटांची पिशवीही बरोबर आणावी, कारण दुखण्याचे कारण कित्येकदा त्या पिशवीतच सापडते.