पाटी लावण्याआधीचं वर्ष

घर कधी विकावं, असं विचारलं की बहुतेकजण भावाचं बोलायला लागतात. मेट्रो झाली, आता दर चढतील. पितृपक्षात कुणी घर बघायला येत नाही, नवरात्र लागू दे. यातलं काहीच खोटं नाही. पण कोथरूडमधला आमचा जुना फ्लॅट विकल्यानंतर माझं मत पक्कं झालंय: वारसाहक्कानं आलेल्या घराची विक्रीची वेळ आधी कागद ठरवतात, मग त्या घरात राहणारं माणूस. बाजाराचा नंबर तिसरा.

बाबांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं. ते गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढलं आणि जो तो म्हणाला, झालं, आता त्याच मालकीण. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, टोकनही आलं. मग त्यांच्या बँकेच्या वकिलांनी फाइल परत पाठवली. नॉमिनी वारसांच्या वतीनं घर सांभाळतो, मालकी सगळ्या वारसांची. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आई, अमेरिकेतली ताई आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा.

ताईचा हिस्सा तसाच ठेवून विकायचं, तर अडचण घेणाऱ्याची होते. विकणारा इथला रहिवासी असेल तर पन्नास लाख आणि त्यावरच्या घरावर १ टक्का टीडीएस कापला की भागतं. परदेशस्थाच्या हिश्शाला ही सवलत नाही. तिथे कपात बरीच मोठी, आणि ती कमी करून घ्यायची तर प्राप्तिकर खात्याचा दाखला लागतो. म्हणून ताईनं आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. ताईचं मुखत्यारपत्र तिथे नोटरी करून, अपोस्टिल होऊन आलं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मग हक्कसोडपत्राची नोंदणी. आपल्याच माणसाच्या नावे, मोबदला न घेता वडिलोपार्जित हक्क सोडला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं ५०० रुपये आहे. खर्च किरकोळ, वेळ मात्र खूप गेला, आणि ते गिऱ्हाईक थांबलं नाही. भावंडांत पुरता विश्वास असेल तरच हा मार्ग धरा. एकदा सोडलेला हिस्सा पुन्हा मागता येत नाही.

कागद पुरे झाले की मग कॅलेंडर बघा. घेणारे मार्चमध्ये घाई करतात, कारण रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलला लागू होतात. पण विकणाऱ्याला एप्रिल सोयीचा. नफ्यातून दुसरं घर घ्यायला विक्रीपासून दोन वर्षं मिळतात, तरी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात टाकावी लागते. मार्चमध्ये विकलं तर ती मुदत त्याच वर्षीच्या जुलैअखेर येऊन ठेपते, एप्रिलमध्ये विकलं तर पुढच्या वर्षीच्या. रोख्यांत गुंतवायचं असेल तर मुदत सहाच महिने आणि मर्यादा पन्नास लाख. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर विकासक ठरण्याआधी तरी विका, नाहीतर नव्या घराचा ताबा मिळाल्यावर. मधल्या काळात विकायला काढू नये, असं मला वाटतं.

हे सगळं कुणीही चांगला वकील किंवा सीए सांगेल. आईचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे दुखतात. सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं, की विका आणि तिला घेऊन जा. तीही लगेच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." नुकत्याच एकट्या पडलेल्या माणसाचा असा होकार कृपा करून होकार समजू नका. वर्षश्राद्ध होईपर्यंत घराचा विषय काढू नये, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

कागदांसाठी गेलेल्या त्या महिन्यांत आई माझ्याकडे वाकडला राहून बघायला आली. सोय उत्तम होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं. भाजीवाली, डॉक्टर, भजनी मंडळ, सगळं कोथरूडला. एका संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं, "मला लिफ्ट हवी आहे रे, दुसरं गाव नको." पहिला व्यवहार पार पडला असता, तर तिच्यासाठी वाकडलाच घर घेतलं असतं. शेवटी दोन गल्ल्या सोडून, लिफ्टच्या इमारतीत लहान फ्लॅट घेतला. तुमच्याकडेही कुणी वडीलधारं असेल तर विकण्याआधी त्यांना नव्या जागी काही महिने भाड्यानं राहू द्या. ते भाडं वाया जात नाही.

दुसऱ्या वेळी इसारपावती करताना ताब्याची तारीख आम्ही आधी आईला विचारली आणि मगच लिहिली. दिवाळी त्याच घरात करून मग निघायचं, असं तिचं म्हणणं होतं. घेणाऱ्यांनी ते मान्य केलं आणि त्या बदल्यात आम्ही किमतीत थोडं खाली आलो.