लढाई नसलेलें ‘रणांगण’

युद्धावरील कादंबरी म्हटली कीं खंदक, तोफा व जखमी शिपाई डोळ्यांपुढें उभे राहतात. विश्राम बेडेकर ह्यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एकहि लढाई नाहीं. यूरोपांतून पूर्वेकडे निघालेली आगबोट, तिच्यावर जर्मनींतून परागंदा झालेले यहूदी, आणि मायदेशीं परतणारा चक्रधर नांवाचा मराठी तरुण, एवढाच तिचा संसार. तरीहि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ती अवश्य वाचावी असें आम्हांस वाटतें.

विद्या वाढली कीं मनुष्य मनुष्याशीं ममतेनें वागेल, ह्या जुन्या श्रद्धेस पहिल्या महायुद्धानें (१९१४–१८) तडा गेला. पोलंडचे लेखक योझेफ विटलिन ह्यांनीं १९३५ सालीं ‘पृथ्वीचें मीठ’ ह्या कादंबरींत तीच व्यथा मांडली. तिचा नायक रेल्वेवर राबणारा एक निरक्षर गरीब. कोणाशींहि वैर नसतां त्यास सैन्यांत ओढून नेतात. हें नांव डोंगरावरील प्रवचनांतलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

बेडेकरांचा नायक मात्र सुशिक्षित आहे, आणि खरी मेख येथेंच आहे. प्रेमभंगानें त्याचें मन कडवट झालेलें. बोटीवर हर्टा ह्या यहूदी तरुणीशीं त्याचा स्नेह जडतो. तिचें दुःख त्यास पुरतें कळतें. पण मुंबई आल्यावर तो उतरतो, ती पुढें जाते, आणि अखेर आपला जीव देते. त्यास शत्रु कोण म्हणेल? चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यांतील याजक व लेवी हेहि लुटारू नव्हते. ते दुसऱ्या बाजूनें निघून गेले, इतकेंच. चक्रधर तर जवळ जाऊन, जखम पाहून, मग गेला! आमच्या मतें हें अधिक भयंकर. मात्र त्यास दोष देतांना हेंहि विसरूं नये कीं, ज्या राष्ट्रांत यहूद्यांचा छळ झाला तीं बहुतेक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होतीं, आणि त्यांच्या मंदिरांतून पुष्कळ जण गप्प बसून राहिले.

आमच्या मानखुर्दच्या वर्गांत हें सांगतांना एका मुलानें विचारलें, “पण एकटा माणूस काय करूं शकला असता?” प्रश्न रास्त आहे, कादंबरी त्याचें उत्तर देत नाहीं. आम्ही त्यास वळिवड्याची हकीकत सांगितली. कोल्हापुराजवळील ह्या गांवीं १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायकामुलेंच अधिक. सोव्हिएत रशियांत हद्दपार होऊन इराणमार्गें तीं येथें आलीं. पालकांपैकीं कोणी कोल्हापुराकडचे असतील, तर त्यांनीं घरांतील वडीलधाऱ्यांस ह्याविषयीं विचारावें आणि जें कळेल तें मुलांस सांगावें.