कोरेगाव भीमा येथील जयस्तंभ : एका युद्धस्मारकाचे वाचन

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शिलालेख आणि ताम्रपट या लिखित साधनांचा परिचय करून घेतला. या घटकात युद्धस्मारक हे साधन कसे वाचावे, याचा विचार करावयाचा आहे. वाळूज, बजाजनगर परिसरातून अहिल्यानगरमार्गे पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्याच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर कोरेगाव भीमा हे गाव लागते. तेथील जयस्तंभ तुमच्यापैकी अनेकांनी प्रवासात पाहिला असेल. तो उभारणाऱ्यांचा हेतू एक होता. पुढील पिढ्यांनी त्याला दिलेला अर्थ वेगळा आहे. हा बदल कसा घडला, ते समजून घेणे हे या घटकाचे उद्दिष्ट आहे.

४.२ नावाविना स्मरण : वीरगळ

युद्धात पडलेल्यांचे स्मारक उभारण्याची प्रथा महाराष्ट्रात इंग्रजांनी आणली नाही. गावोगावी वेशीजवळ किंवा मंदिरासमोर वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपूजा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. गावाला वीर ठाऊक असल्याने नाव कोरण्याची गरज भासली नसावी. परंतु आठवण सांगणारी माणसे गेली, की दगड मुका होतो. आज अशा असंख्य वीरांची नावे आपणांस सांगता येत नाहीत.

४.३ जयस्तंभाची उभारणी

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कॅप्टन स्टॉन्टन याच्या नेतृत्वाखालील ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे आठशे सैनिकांची तुकडी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कित्येक पटींनी मोठे सैन्य यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या तुकडीत मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाचा मोठा भाग होता. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि मराठे लढले. दिवसभराच्या झुंजीनंतर पेशव्यांच्या सैन्याने माघार घेतली. लढाई निर्णायक होती किंवा नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि पेशवाई संपली.

२६ मार्च १८२१ रोजी या स्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभ सुमारे साठ फूट उंच असून त्यावर इंग्रजी आणि मराठी लेख आहेत. लेखाचा सूर विजेत्या सत्तेचा आहे. तो पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याचा गौरव गातो. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांना तेथे स्थान नाही. मात्र याच स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत.

४.४ नावांची साक्ष

भाषेच्या अभ्यासकाने येथे विशेष थांबावे. या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. सिदनाक, रायनाक अशा घडणीची नावे महार समाजात प्रचलित होती. लेखात कोणाचीही जात वेगळी नोंदवलेली नसताना केवळ नामरूपावरून ती कळते.

१८९० च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा या नावांना नवे महत्त्व आले. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीच्या मागणीसाठी अर्ज केले. पूर्वजांची लष्करी सेवा हा या मागणीचा आधार होता, आणि त्या सेवेचा दगडात कोरलेला पुरावा कोरेगावी उभा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभाला भेट दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या महार रेजिमेंटच्या आरंभीच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता.

अशा रीतीने साम्राज्याच्या विजयासाठी उभारलेला स्तंभ अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाची खूण झाला. ते सैनिक पोटासाठी लढले की जातिव्यवस्थेविरुद्ध, हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात. १८१८ मधील सैनिकाचा हेतू आणि १९२७ नंतरच्या वाचकाने घेतलेला अर्थ या दोन वेगळ्या ऐतिहासिक बाबी आहेत, हे ध्यानात ठेवावे. दुसरी बाब पहिलीइतकीच खरी आहे. लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, या परिसरात हिंसाचार झाला. स्मारकाचा अर्थ अद्याप वादाचा विषय आहे, हे त्यावरून दिसते.

४.५ नावाऐवजी संख्या

तुलनेसाठी इराकमधील बसरा स्मारक पाहावे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणीही लढल्या. १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. कोरेगावच्या दगडावर एखाद्याला आपल्या पूर्वजाचे नाव शोधता येते. तेथे शिपायाच्या नातवाला केवळ आकडा सापडला असता.

४.६ सारांश

स्मारकाचा लेख सहसा सत्तेचा असतो. परंतु त्यात सामान्य माणसाचे नाव आले, तर त्या नावाच्या आधारे पुढील पिढी लेखाचे वेगळे वाचन करू शकते. म्हणून स्मारक वाचताना तीन प्रश्न विचारावेत : बोलतो कोण? नावे कोणाची आहेत? आणि तेथे आज कोण जमते?

४.७ स्वाध्याय

१. वीरगळ, जयस्तंभ आणि बसरा स्मारक यांची ‘नाव’ या मुद्द्यावर तुलना करा.
२. ‘नामरूप हे इतिहासाचे साधन आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
३. उपक्रम : कामानिमित्त तुम्ही शहरात राहत असाल, तर सुट्टीत आपल्या मूळ गावातील वीरगळ किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे हुतात्मा स्मारक पाहा. त्यावरील लेख जसाच्या तसा उतरवून घ्या. लेख नसल्यास गावातील वडीलधाऱ्यांना माहिती विचारा आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.